बेलिफाच्या घरातलं पुस्तक : यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’

मी बत्तीस वर्षं दिवाणी न्यायालयात बेलीफ होतो. समन्स, नोटिसा, जप्तीची वॉरंटं घेऊन खानापूर तालुक्यातलं एकही गाव चालायचं ठेवलं नाही. आधी सायकल, मग एसटी, शेवटची दहा वर्षं मोटारसायकल. निवृत्तीच्या दिवशी आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे कोर्टातल्या बेलिफांच्या वरच्या अधिकाऱ्यानं, शाल-नारळाबरोबर एक पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाले, “वाचा निवांत. ह्यांचे वडील आपल्याच खात्यातले.” पुस्तक होतं ‘कृष्णाकाठ’. यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र.

यशवंतरावांचं नाव कुणाला माहीत नाही? १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याचे पहिले मुख्यमंत्री. चीनच्या युद्धात देशाची पडती बाजू होती तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले. हे सगळं शाळेत शिकलो. त्यांचं घराणं मूळचं विट्याचं, म्हणजे माझ्याच गावचं, हेही ऐकून होतो. पण त्यांचे वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मी ते पुस्तक दीड वर्षात तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. त्यावर लिहायचा मला काही अधिकार असेल तर तो एवढाच, की ह्या पुस्तकातलं एक घर मी आतून ओळखतो.

बेलीफ म्हणजे काय हे आधी सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक वाचक ती ओळ वाचून पुढं जातील. बेलीफ दारात उभा राहिला की घरातले आवाज बंद होतात. कागद कसला आहे हे वाचता येत नसलं तरी बायकांना कळतं. तरीसुद्धा आमच्या भागात आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. जप्तीला आलेल्या माणसालाही पाणी विचारलं जातं. माणूस घरी नसेल तर दोन पंच बघायचे, दारावर कागद चिकटवायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि संध्याकाळी नाझराकडं अहवाल द्यायचा. भांडी, जनावरं, कधी शिलाई मशीन, पंचनाम्यात एकेक वस्तू लिहायची. दुसऱ्याच्या घरातला वाईट दिवस हा आपला रोजचा कामाचा दिवस. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला येणारा, आणि तेवढ्यासाठी माणूस ही नोकरी धरून ठेवतो.

बळवंतराव हेच काम पायी करत असणार. १९१७-१८ च्या सुमाराला प्लेग आला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे असा तो काळ. त्यात बळवंतराव गेले. यशवंता तेव्हा चार-पाच वर्षांचा. आईचं नाव विठाई. घरात मिळवता दुसरा कुणी नाही. मग थोरला मुलगा ज्ञानोबा बापाच्या जागी बेलीफ म्हणून लागला. आमच्याकडं याला आजही ‘अनुकंपेवर लागला’ म्हणतात. मी नोकरीत असताना अशी चार पोरं लागलेली पाहिली. मिसरूड फुटलेली नसते आणि बापाची पिशवी खांद्याला येते. पहिल्या दिवशी ती पोरं समन्स देताना समोरच्याच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. ज्ञानोबांचं वाचलं तेव्हा मला ती चारही पोरं एका रांगेत दिसली.

पुस्तक सुरू होतं देवराष्ट्र्यात, यशवंतरावांच्या आजोळी. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात आहे. जवळ सागरेश्वराचा डोंगर, खाली सोनहिरा ओढा. १२ मार्च १९१३ चा जन्म. बाळंतपण अवघड झालं, विठाई शुद्धीवर नव्हत्या, आणि आजीनं सागरोबाला साकडं घातलं की माझ्या लेकीला यश दे, तुझी आठवण म्हणून पोराचं नाव यशवंत ठेवीन. ही गोष्ट भाषणांत बऱ्याचदा ऐकलेली. पुस्तकात ती वाचताना वेगळी वाटते, कारण लेखक तिच्यातून स्वतःचं मोठेपण काढत नाही. ते नाव म्हणजे आजीनं फेडलेला नवस आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं.

विठाईंबद्दल लिहिलेली पानं या पुस्तकाचा गाभा आहेत असं माझं मत आहे. शिकलेली नसलेली बाई. हातात काही नाही. मुलं खचली की ती एक ओळ म्हणायची : ‘नका बाळांनो डगमगू, चंद्र-सूर्यावरील जाईल ढगू.’ माझी आई जात्यावर वेगळं काही म्हणायची, पण चाल तीच असणार. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो.

आणि मग तो माफीचा प्रसंग. यशवंता कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होता. १९२९ च्या सप्टेंबरात लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, त्याचा या पोराच्या मनावर फार खोल परिणाम झाला. कुठं लाहोर, कुठं कराड. पुढं १९३० ची कायदेभंगाची चळवळ आली, आणि १९३२ च्या जानेवारीत झेंडा लावल्याबद्दल त्याला अटक होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आई भेटायला आली, बरोबर शाळेतले गुरुजी. माफी मागितली तर सुटका होईल असं गुरुजींनी सुचवलं, अर्थात पोराच्या काळजीपोटीच. आईनं तिथल्या तिथं ते मोडून काढलं. माफी कसली मागायची, तब्येतीला जप, देव आपल्या पाठीशी आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय.

हा प्रसंग सगळेच सांगतात. मला त्यात जे दिसलं ते असं : या बाईचा थोरला मुलगा त्याच सरकारच्या कोर्टात नोकरीला होता. घर त्याच्या पगारावर चालत होतं. धाकटा त्याच सरकारविरुद्ध झेंडा लावून आत बसलेला. सरकारी नोकराच्या घरात असं झालं तर काय होतं हे मला विचारा. साहेब बोलावून घेतात, सहकारी लांबून बोलायला लागतात, नोकरीची टांगती तलवार राहते. तो हिशेब विठाईंना नक्की माहीत होता. तो माहीत असून त्यांनी माफीला नाही म्हटलं. धाकट्यासाठी थोरल्याची भाकर पणाला लावली, आणि थोरल्यानंही कधी हात आखडता घेतला नाही.

इथं माझी पहिली तक्रार आहे. ज्ञानोबा मला कमी पडतात. लेखकाला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, तो प्रत्येक उल्लेखात आहे, पण ज्ञानोबांचा दिवस कसा जायचा? कुणाच्या दारात जप्ती घेऊन जायला लागली आणि तो माणूस ओळखीचा निघाला, असं कधी झालं का? घरी आल्यावर ते त्याबद्दल बोलायचे, की गप्प जेवायचे? मी गप्प जेवायचो. ह्या दोन पानांसाठी मी पुस्तक परत परत चाळलं. कदाचित धाकट्या भावाला ते दिसलंच नसेल. थोरले भाऊ ते दिसू देत नाहीत.

मधल्या भावाचं, गणपतरावांचं चित्र मात्र भरभरून आलंय. हुशार माणूस, सत्यशोधकी विचारांकडं ओढा असलेला, वाचणारा, वाद घालणारा. पण घरात एकाच्याच शिक्षणाचा खर्च निघण्यासारखा होता, तेव्हा त्यांनी आपली शाळा थांबवली आणि यशवंताला पुढं जाऊ दिलं. दोघा भावांचे विचार पटायचे नाहीत. बहुजनांनी ब्राह्मणेतर चळवळीबरोबर जावं की काँग्रेसबरोबर, यावर त्या काळात सातारा जिल्ह्यात घराघरांत वाद होते, या घरातही होते. आणि तरीही ज्याचं म्हणणं पटत नाही त्याच्या फीचे पैसे गणपतरावच उभे करत होते. यशवंतराव हे लिहितात तेव्हा आवाज चढवत नाहीत, गळा काढत नाहीत, नुसतं सांगतात. त्या नुसत्या सांगण्यामुळं ते जास्त लागतं.

आता माझ्या घराचं सांगतो, कारण त्याशिवाय हे पुस्तक मला का लागलं ते कळणार नाही. आमच्या भागात पाऊस कमी. शेती असून नसल्यासारखी. म्हणून इथली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. माझा थोरला भाऊ, आण्णा, सातवी झाल्यावर गावातल्या एका गलाईवाल्याबरोबर कोईमतूरला गेला. चौदा वर्षांचा होता. भट्टीपुढं बसायचं, तेजाबाचा धूर घ्यायचा, रात्री तिथंच दुकानात झोपायचं. दर महिन्याला त्याची मनीऑर्डर यायची आणि खाली चार शब्दांच्या जागेत एकच वाक्य असायचं : शाळा बुडवू नकोस. तो माझ्यापेक्षा गणितात हुशार होता. आमच्या गुरुजींनी ते मला त्याच्या माघारी सांगितलं होतं. मी मॅट्रिक झालो, पुढं कोर्टात लागलो. आण्णा आज त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि अजून कोईमतूरलाच असतो. छातीत धूर आहे.

म्हणून गणपतरावांची पानं मी सावकाश वाचली.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : ‘जडणघडण’, ‘वैचारिक आंदोलन’ आणि ‘निवड’. दुसरा भाग पहिल्या वाचनात मला जड गेला. येरवड्याच्या तुरुंगातले दिवस सुंदर आहेत, ते एका दमात वाचून होतात. आचार्य भागवतांसारखा शिक्षक, ह. रा. महाजनींसारखे अभ्यासू सोबती, आणि वीस वर्षांचंही वय नसलेला खेड्यातला पोरगा. बराकीत वर्ग भरायचे. संस्कृत काव्यापासून समाजवादापर्यंत सगळ्यांवर बोलणं व्हायचं. मी कामानिमित्त तुरुंगाच्या दारापर्यंत बऱ्याचदा गेलो आहे, दिवाणी कैदेचा माणूस पोचवायला. तिथं शिरताना माणूस लहान होतो हेच मी पाहिलं. इथं एक पोरगा आत जाऊन मोठा होऊन बाहेर येतो. त्याला खरं महाविद्यालय तिथं भेटलं आणि पदवीचं नंतर कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात.

जड जातो तो त्यानंतरचा भाग. कम्युनिस्ट चळवळीतून आलेले विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचं आकर्षण, काँग्रेसमधले गट, समाजवादी काय म्हणतात, रॉयवादी काय म्हणतात, १९३७ च्या निवडणुकीत आत्माराम बापू पाटलांना उभं करायची खटपट. नावं भराभर येतात. मी वहीत एक पान करून नावं लिहीत गेलो आणि शेजारच्या पानावर नकाशा काढला : कराड, विटा, देवराष्ट्रे, तासगाव, इस्लामपूर, वडूज, फलटण. नकाशा केल्यावर सगळं सुटत गेलं. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं जरूर तसं करावं. दुसऱ्या वाचनात मला कळलं की हा भाग जड असला तरी खोटा नाही. रॉय पटत होते तेव्हा का पटत होते, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांची वाट सोडली ती का, हे ते नीट सांगतात. पुढारी माणूस सत्तर वर्षांचा झाला की आपण पहिल्यापासून बरोबरच होतो असं सांगायला लागतो. इथं एक म्हातारा माणूस आपल्या तरुणपणीच्या गोंधळाला गोंधळ म्हणतो. मला ती गोष्ट फार मोठी वाटते.

१९४२ चा भाग वाचायला मी अधीर होतो, आमच्या भागात त्या साली काय झालं हे लहानपणापासून ऐकत आल्यामुळं. कचेऱ्यांवर मोर्चे काढायचे, तिथं तिरंगा लावायचा, अशी आखणी. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज. वडूजला गोळीबार झाला, माणसं पडली. त्या कचेऱ्यांच्या आवारात मी पुढं आयुष्य काढलं. वडूजच्या आवारात कामाला गेलो की एक म्हातारे वकील मला बोट दाखवून सांगायचे, मोर्चा इकडून आला होता. म्हणून मला वाटलं होतं इथं लेखक रंगात येईल. तो येत नाही. भूमिगत राहण्याचे प्रसंग आहेत, रात्रीचे प्रवास आहेत, पण थरार जाणूनबुजून खाली ठेवलाय. ज्याला प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथल्या गावांत चाललेल्या समांतर सरकारच्या, गोष्टींचा जोश हवा आहे त्याचं समाधान इथं होणार नाही. त्याच्यासाठी दुसरी पुस्तकं आहेत.

इथं जे आहे ते घराचं मोल. २ जून १९४२ ला लग्न झालं. दोन महिन्यांत नवरा भूमिगत. फलटणच्या मोऱ्यांच्या घरातून आलेली वेणूताई ही नवी नवरी, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी तिला पकडून नेलं. आमच्याकडं पहिली संक्रांत म्हणजे नव्या सुनेचा सण असतो, हलव्याचे दागिने घालून तिला बसवतात. गणपतरावही तुरुंगात गेले. आणि यशवंतराव भूमिगत असताना ज्ञानोबा गेले. घर उभं ठेवणारा बेलीफ गेला आणि धाकटा भाऊ उघडपणे दारात येऊ शकत नाही. पुढं आजारी वेणूताईंना बघायला ते फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले. एवढं सगळं लग्नानंतर वर्षभरात. ह्या पानांवर मी पेन्सिल चालवली नाही.

शेवटचा भाग, ‘निवड’, १९४६ मध्ये संपतो. निवडून आले, आणि मुंबईच्या सरकारात पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून बोलावणं आलं. घ्यावं की न घ्यावं, घरात चर्चा. शेवटी मुंबईला निघाले, कृष्णाकाठ मागं राहिला, आणि पुस्तक थांबलं. म्हणजे ज्या यशवंतरावांना सगळा देश ओळखतो ते पुस्तकात येतच नाहीत. द्विभाषिक मुंबई राज्य नाही, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ नाही, संरक्षण-गृह-अर्थ-परराष्ट्र यांतलं एकही खातं नाही. मुळात योजना तीन खंडांची होती. ‘कृष्णाकाठ’ पहिला, मग मुंबईच्या वर्षांवर ‘सागरतीर’, मग दिल्लीवर ‘यमुनाकाठ’. पहिला खंड १९८४ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी, १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या होत्या. एक्केचाळीस वर्षांच्या संसाराला एक दिवस कमी. मूलबाळ नव्हतं. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत यशवंतराव गेले. उरलेले दोन खंड लिहायचेच राहिले.

हे माझं सगळ्यात मोठं दुःख आहे आणि त्यात थोडा रागही आहे. लेखणी आधी हातात घ्यायला हवी होती. ह्या माणसाला लिहिता येत होतं. ‘सह्याद्रीचे वारे’ हा भाषणांचा संग्रह १९६२ चा, पण ती भाषणं. ‘ऋणानुबंध’ १९७५ मध्ये आलं, त्यातले ललित लेख वाचले की कळतं, हा हौसेखातर लिहिणारा पुढारी नाही, वाक्य तोलणारा माणूस आहे. पण तीसेक वर्षं सरकारी फायलींवर शेरे लिहिण्यात गेली आणि आपल्याला एकच खंड मिळाला. मला १९७५ चं वाचायचं होतं. कराडलाच त्या वर्षी साहित्य संमेलन झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव स्वागताध्यक्ष. देशात आणीबाणी, आणि हे त्या सरकारात परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी तिथंच, आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. त्या दिवशी स्वतःच्या गावात, कृष्णेच्या काठावर, ह्या माणसाच्या मनात काय चाललं होतं? विठाईंच्या मुलाला तेव्हा तो माफीचा प्रसंग आठवला असेल का? ज्या प्रामाणिकपणे त्यांनी रॉयवादाबद्दल लिहिलं त्याच प्रामाणिकपणे हे लिहिलं असतं तर ते मराठीतलं मोठं पान झालं असतं. मी त्यांच्यावर प्रेम करणारा वाचक आहे, म्हणूनच ह्या पानाची वाट बघणं सोडवत नाही.

भाषेबद्दल सांगायचं तर साधी, स्वच्छ, संथ. अलंकार फार नाहीत. कुणाला ती जरा जास्तच सभ्य वाटेल. ज्यांच्याशी उभा दावा होता त्यांच्याबद्दलही कडू शब्द नाही. मला काही ठिकाणी वाटलं, इथं तरी चिडा. पण मग लक्षात आलं की बेलिफाच्या घरात वाढलेल्या माणसाला आवाज न चढवता बोलायची सवय असते. दारातल्या माणसाचा आवाज चढला तर कागद बजावला जात नाही.

कुणी वाचावं? दहावी-बारावीच्या पोरांनी पहिला भाग तरी वाचावाच, त्याला फार वेळ द्यावा लागत नाही आणि तो कादंबरीसारखा जातो. वर्गात गुरुजींनी तू कोण होणार असं विचारल्यावर ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ हे त्यानं दिलेलं उत्तर पोरांना आधीच पाठ असतं. त्या उत्तराच्या मागं दोन भाऊ उभे होते हे त्यांना कळलं पाहिजे. राजकारणात शिरू पाहणाऱ्यांनी दुसरा भाग वाचावा, वही घेऊन. आणि वाचून झाल्यावर ज्याला आणखी हवंसं वाटेल त्यानं ‘विदेश दर्शन’ शोधावं. परदेश दौऱ्यांवरून वेणूताईंना लिहिलेली ती पत्रं आहेत, त्यांच्या माघारी पुस्तकरूपानं आली. ‘कृष्णाकाठ’मध्ये घराबाहेर राहिलेला नवरा तिथं रोज रात्री घरी बोलतो आहे असं वाटतं. ते अपुऱ्या दोन खंडांची जागा घेत नाही, पण थोडी भूक भागते.

जमलं तर पुस्तक घेऊन कराडला जा. मी गेल्या श्रावणात गेलो. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन भेटतात, दोन माणसं रस्त्यात भेटावीत तशा. तिथं यशवंतरावांची समाधी आहे. पाणी गढूळ होतं, पाऊस भुरभुरत होता, मी कट्ट्यावर छत्री धरून शेवटचं प्रकरण परत वाचलं. शेजारी दोन कॉलेजची पोरं बसली होती. एकानं विचारलं, काका, परीक्षा आहे का? मी त्याला पहिलं पान वाचायला दिलं. त्यानं चार पानं वाचली आणि मग परत केलं.

माझी पहिली प्रत आता खिळखिळी झाली आहे, तीन वाचनांत मधली पानं सुटली. आमच्या गावात दुसरी मागवली तर दुकानदारानं तीन आठवडे आज-उद्या केलं, मग कराडला गेलो त्या दिवशी तिथंच घेतली. छपाई स्वच्छ आहे, पण अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना बारीक पडतं. हे मला महत्त्वाचं आहे, कारण ती प्रत आण्णासाठी होती.

झालं असं, की दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी रोज संध्याकाळी फोनवर आण्णाला दोन-दोन पानं वाचून दाखवत होतो. दुकान बंद झालं की तो फोन करायचा. विठाईंची ओळ त्यानं दोनदा म्हणायला लावली. गणपतरावांनी शाळा सोडली ते पान आलं तेव्हा मी ते गाळून पुढं जायचं ठरवलं होतं. पण वाचत गेलो. तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, “लिहिलंय का त्यानं भावाचं? नाव घालून?”

मी म्हटलं, “हो आण्णा. नाव घालून.”

“मग पाठव मला ते. मी वाचतो माझं मी.”

दिवाळीनंतर गावातला एक पोरगा कोईमतूरला गेला, त्याच्याबरोबर नवी प्रत पाठवली. आत एक भिंग ठेवलं. परवा फोन आला, चाळिसाव्या पानावर पोचलाय.